टेल्मी सार्टन ऐकलंत का?

माणूस वयात एकदाच येतो, पण जुना मात्र दर शुक्रवारी होतो. जगातली बहुतेक नवी गाणी शुक्रवारी बाहेर पडतात, आणि ज्याने ती शनिवारी संध्याकाळपर्यंत ऐकली नाहीत तो रविवारी चारचौघांत बसायला अपात्र ठरतो, अशी सध्याची व्यवस्था आहे. व्यवस्था उत्तम आहे. तिच्यामुळे माणसाला सतत आपलं काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं, आणि असं वाटत राहणं प्रकृतीला चांगलं असतं, असं काही डॉक्टर मानतात (बाकीचे हृदयरोगतज्ज्ञ आहेत).

तंजावूरचे वरुणराव या व्यवस्थेत वयाच्या एकसष्टाव्या वर्षी दाखल झाले. त्याआधी चौतीस वर्षं ते पाटबंधारे कार्यालयात कालव्याच्या पाण्याची पातळी लिहीत होते. रोज सकाळी आठला पट्टी बघायची, फूट आणि इंच लिहायचे, सही करायची. कालव्यात पाणी नसेल तेव्हाही नोंद व्हायची, कारण नसलेल्या पाण्यालाही पातळी असते आणि तिच्याखालीही सही लागते. निवृत्तीनंतर पट्टी दुसऱ्याकडे गेली. हात मात्र आठच्या सुमाराला आपोआप पेन शोधायचा.

घर राजवाड्यामागच्या गल्लीत. घरात वरुणराव आणि त्यांची पत्नी अंबा. पूर्वज राजांबरोबर महाराष्ट्रातून आले आणि परत जायचं तेवढं राहून गेलं, त्यामुळे घरात मराठी बोलतात आणि तमिळ अक्षरांत लिहितात. तमिळ लिपीत प आणि ब यांना एकच अक्षर पुरतं, त आणि द यांनाही. यामुळे आजवर कोणाचं काही अडलेलं नाही.

एकुलती एक मुलगी हरिणी, वय सत्तावीस, चेन्नईत नोकरीला. नोकरी नक्की कसली हे तिने वडिलांना तीनदा सांगितलं होतं आणि तीनही वेळा त्यांनी "छान, छान" म्हटलं होतं. तिचा फोन दर रविवारी सकाळी दहाला येई. वरुणरावांच्या हिशेबाने हा फोन सरासरी शंभर सेकंद चाले. त्याचं विभाजन असं: जेवणखाण, वीस सेकंद, हवामान, पंधरा, तब्येत, पंचवीस, "अम्मेला देतों", पाच, अम्मेला शोधणं, पस्तीस. अंबा फोनवर आली की पुढचा वेळ वेगळ्या विभागात जमा होई आणि त्याची आकडेवारी वरुणरावांकडे येत नसे. दाराआडून हसणं मात्र ऐकू येई.

गेल्या आषाढातल्या एका रविवारी, हवामान संपून तब्येत सुरू व्हायच्या आधी, हरिणीच्या मागे काहीतरी वाजलं. धप्प, धप्प, मग कोणीतरी पत्र्याच्या डब्यात बोलल्यासारखं.

"तें काय वाजतें ग?" वरुणरावांनी विचारलं.

"तें? तें गाणें अप्पा. नवीन आलें आहे. अं... पॅरलल पापडम."

"पापडम?"

"बँडचें नांव. बेंगळूरचे मुलगे आहेत."

मग तिने ते मुलगे कोण, पापडम का आणि पॅरलल कशाला, हे सांगितलं. फोन ठेवल्यावर वरुणरावांनी घड्याळ बघितलं. चार मिनिटं दहा सेकंद. एका आठवड्यात पातळी अडीचपट. चौतीस वर्षांत त्यांनी इतकी वाढ दोनदाच पाहिली होती, आणि दोन्ही वेळा कलेक्टरांना तार करावी लागली होती.

कार्यकारणभाव उघड होता. त्याच दुपारी त्यांनी दोनशे पानांची वही आणली, फोनमध्ये गाण्यांचं अ‍ॅप घेतलं आणि वेळापत्रक आखलं. सोमवारी रॅप, मंगळवारी कोरिया, बुधवारी मेटल (अंबा बुधवारी भजनाला जाते), गुरुवारी इलेक्ट्रॉनिक, शुक्रवारी नवी आवक, शनिवारी उजळणी. रविवारी सकाळी दहाला परीक्षा.

वहीतल्या नोंदी पाटबंधाऱ्याच्या शिस्तीतल्या आहेत. पाहणी करणाऱ्याने मत देऊ नये, फक्त जे दिसलं ते लिहावं, हा नियम त्यांनी इथेही पाळला. उदाहरणार्थ:

"मेटल. कालावधी सहा मिनिटे. गायकास काही त्रास आहे. कारण शब्दांतून स्पष्ट होत नाही."

"लो-फाय. गाणे सुरू होण्याची वाट पाहिली. संपले."

"कोरिया. मुलगे नऊ. प्रत्येकाची ओळ एक. बाकीचे आठ त्या वेळी हात हलवतात. आमच्या कार्यालयातही हीच पद्धत होती."

"चेन्नईचा 'गाना', म्हणजे तिथल्या वस्त्यांतले तमिळ गाणे. शब्द कळले. आवडले." ही ओळ नंतर खोडलेली आहे. कळलेल्या गाण्यावर फोनमध्ये अठ्ठावीस सेकंदांपेक्षा जास्त बोलणं होत नाही, असं दोन रविवारांत निदर्शनास आलं होतं. न कळलेल्यावर सहा मिनिटं सहज निघतात.

योजना फळाला आली. भाद्रपदात फोन सात मिनिटांवर गेला, दिवाळीत नऊ, पोंगलला अकरा. "अप्पा, तुम्ही तें पुण्याच्यांचें ऐकलेंत? स्लीपिंग तहसीलदार?" असं हरिणी विचारायची आणि वरुणराव म्हणायचे, "ऐकलें. पण त्यांचें पहिलें चांगलें होतें." हे वाक्य त्यांनी एका समीक्षेतून घेतलं होतं. ते कुठेही बसतं. जेवणखाण आणि हवामान ही खाती बंद झाली. तब्येतीची पंचवीस सेकंदं उरली होती, तीही हळूहळू पापडमांना देण्यात आली. वर्षाच्या शेवटी अ‍ॅपने कळवलं की तुमचं संगीतवय एकोणीस आहे. वरुणरावांनी ते छापून घेतलं. (पेन्शनसाठी हयातीचा दाखला म्हणून ते चालेल का, याची त्यांनी चौकशी केली. चालत नाही.)

गुण लपत नाहीत, आणि स्पीकरवर लावलेले तर मुळीच नाहीत. गल्लीत बातमी पसरली. पहिले आले सेतुमाधव, भूगोलाचे निवृत्त शिक्षक. त्यांचा नातू त्यांना "बूमर" म्हणाला होता, आणि हा शब्द नकाशात कुठे सापडत नव्हता. मग महालक्ष्मीबाई आल्या, निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांना सुनेच्या बरोबरीनं कोरियन मालिका बघायच्या होत्या, पण सून दोन भाग पुढे होती आणि थांबत नव्हती. मग दंतवैद्य व्यंकटरमण. ते अडतीसच वर्षांचे, पण दवाखान्यात लावलेलं गाणं ऐकून एक कॉलेजकन्या भूल उतरायच्या आधी हसली होती.

अशा रीतीने तंजावूर नवसंगीत परिचय मंडळ स्थापन झालं. दर शनिवारी पाच वाजता, महालक्ष्मीबाईंच्या जुन्या शाळेच्या सभागृहात. सहा आठवड्यांत सभासद चौदा झाले, अध्यक्ष वरुणराव. नियम सुटसुटीत होते. सहा आठवड्यांपूर्वीचं गाणं जुनं समजावं आणि त्याचा उल्लेख दिवंगतासारखा आदराने करावा. अर्थ विचारू नये. एखादं गाणं ऐकलं नसल्यास "परत ऐकायला हवें" असं म्हणावं. मंडळाच्या पहिल्या पाहणीत चौदापैकी चौदा सभासदांनी सगळं ऐकलेलं आढळलं. परत ऐकण्याची गरज मात्र सरासरी अकरा जणांना वाटत होती.

इथे एक घरगुती बाब सांगणं भाग आहे. दिवाळीनंतर थोड्याच दिवसांनी वरुणराव कीळवासलच्या भाजीबाजारात वांगी निवडताना खाली बसले आणि बराच वेळ उठले नाहीत. डॉक्टरांनी रक्तदाब सांगितला आणि रोजची एक गोळी लिहून दिली. हरिणीला कळवायचं नाही, असं वरुणरावांनी अंबाला बजावलं. "उगीच नोकरी सोडून धांवत येईल." अंबाला हे पटलं नाही, पण तिने शब्द पाळला. तो पाळताना ती भांडी जरा जोरात आपटायची.

फाल्गुनातल्या एका शनिवारी गोळ्या संपत आल्या. अंबाला हाताशी दुसरा कागद मिळाला नाही, म्हणून मंडळाला निघालेल्या नवऱ्याच्या वहीत, त्या आठवड्याच्या नव्या गाण्यांच्या यादीखाली, तिने औषधाचं नाव लिहिलं. समास अरुंद, त्यामुळे नाव दोन तुकड्यांत आलं. टेल्मी. सार्टन. आणि पुढे चाळीस.

"येतांना आणा," ती म्हणाली. वरुणराव कानांत गुरुवारची उजळणी करत होते. त्यांनी मान हलवली.

सभेत त्यांनी नेहमीप्रमाणे उभं राहून यादी वाचली. एक, दोन, तीन. चौथ्या नावाला आवाज जरा खाली आणला, कारण शेवटचं नाव नेहमी महत्त्वाचं असतं.

"टेल्मी सार्टन. फॉर्टी."

वाचून झाल्यावर त्यांना अक्षर दिसलं. अंबाचं अक्षर. चूक झाली म्हणायला त्यांनी तोंड उघडलं, पण सेतुमाधवांनी आधीच मान डोलवायला सुरुवात केली होती.

"फॉर्टी मजला तितकें नाहीं आवडलें," सेतुमाधव म्हणाले. "ट्वेंटी होतें ना, तें चांगलें होतें."

"फॉर्टींत जोर आहे," महालक्ष्मीबाई म्हणाल्या. "पण परत ऐकायला हवें."

दंतवैद्य व्यंकटरमण थोडे गोंधळल्यासारखे दिसले. त्यांच्या कपाळावर काहीतरी ओळखीचं आठवल्याची आठी आली आणि मग मावळली. "माझे बरेच पेशंट घेतात," ते म्हणाले. "म्हणजे ऐकतात."

मागच्या बाकावरून कोणीतरी विचारलं, "वरुणराव, नवख्यानें तें कसें ऐकावें?"

वरुणरावांनी चौतीस वर्षं खोटी नोंद केली नव्हती. ते म्हणाले, "सकाळीं. नाश्त्यानंतर. रोज एकदां. मध्यें खंड पडूं देऊं नये."

बाकीच्या तेरा जणांनी हे लिहून घेतलं. ठराव एकमताने मंजूर झाला.

औषधाच्या दुकानात गोळ्या घेताना वरुणरावांना हसू फुटलं, ते घर येईपर्यंत थांबेना. गल्लीच्या तोंडाशी त्यांना सायकल धरून उभं राहावं लागलं. अंबाने कारण विचारलं, तर त्यांना सांगता येईना, नुसते डोळे पुसत राहिले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्याकडे एक खरीखुरी गंमत होती, स्वतःची, आणि ती उद्या सकाळी दहाला हरिणीला सांगायची होती. किती वेळ चालेल याचाही अंदाज त्यांनी बांधला. पंधरा मिनिटं कुठे गेली नाहीत.

रविवारी फोन वाजला. वरुणरावांनी गंभीर आवाज काढला. आधी तिला फसवायचं, मग गुपित फोडायचं, असं ठरलं होतं.

"काय ग, टेल्मी सार्टन ऐकलेंस कां?"

"ऐकलें अप्पा!" हरिणी म्हणाली. "गेल्या आठवड्यांतच. सुपर आहे. दुसरें गाणें तर मी लूपवर ठेवलें आहे."

वरुणरावांचं हसू घशात तयार होतं, ते तिथेच राहिलं. सेतुमाधव बोलले तेव्हा गंमत वाटली होती. हे शब्द तेच होते, आवाज तेवढा दुसरा. आठ महिन्यांच्या नोंदी डोळ्यांपुढून गेल्या. चार दहा, सात, नऊ, अकरा. पट्टीवर आकडे बरोबर होते. कालव्यात पाणी होतं की नव्हतं, हे मात्र त्यांनी कधी वाकून बघितलं नव्हतं.

"अप्पा? आहांत ना?"

"हरिणी," ते म्हणाले, "ती माझी गोळी."

"म्हणजे?"

"रक्तदाबाची. टेल्मी सार्टन. सकाळची."

पलीकडे ती हसली. हसता हसता आवाज मध्येच फाटला आणि ती रडते आहे हे वरुणरावांना उशिरा कळलं. हसण्या-रडण्यातला हा फरक अम्मेला दारातून कळायचा. अंबा तशी दारात येऊन उभी राहिलीच होती.

"तुजला खरेंच कांहीं आवडत नाहीं त्यांतलें?" वरुणरावांनी विचारलं.

"मी ऐकतच नाहीं अप्पा. रविवारीं सकाळीं सहाला उठून वाचून ठेवतें. तुम्ही विचाराल म्हणून."

"मग तें पहिलें? पापडम?"

"शेजारच्या खोलींत वाजत होतें. मजला नांवसुद्धां ठाऊक नव्हतें, फोनवर शोधून सांगितलें. तुम्ही इतक्या खुशींत विचारलेंत. जेवलीस कां सोडून तुम्ही पहिल्यांदां कांहीं विचारलेंत."

वरुणराव खुर्चीत बसले.

"गोळी कधींपासून?" आता हरिणीचा आवाज बदलला.

"चार महिने."

"चार महिने! आणि मजला नाहीं सांगितलेंत?"

"तूं नोकरी सोडून धांवत आली असतीस."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"नोकरी नाहींच आहे अप्पा," ती म्हणाली. "पोंगलच्या आधींच गेली. आमचा सगळा विभाग बंद केला. मी रोज सकाळीं तयार होऊन बसतें, खोलींतच. तुम्ही विचाराल म्हणून वाट बघत होतें. पण तुम्ही तहसीलदारांचेंच विचारायचे."

समीक्षांतली चाळीस वाक्यं वरुणरावांना पाठ होती, त्यातलं एकही इथे बसत नव्हतं. शेवटी त्यांनी विचारलं, "जेवलीस कां?"

"नाहीं."

"काल?"

"काल थोडें."

"घरीं ये," ते म्हणाले. "अम्मा सांबारे करील. मी कांहीं विचारणार नाहीं."

"विचारा ना अप्पा," हरिणी म्हणाली.

मग त्यांनी विचारलं. नोकरी नक्की कसली होती, इथपासून सुरुवात केली, चौथ्यांदा, आणि या वेळी "छान, छान" म्हटलं नाही. कोण साहेब होता, त्याने कसं सांगितलं, त्या दिवशी ती खोलीवर कशी गेली, वाटेत काही खाल्लं का. अंबाने मध्येच फोन मागितला नाही, नुसती शेजारी येऊन बसली. गॅसवर दूध उतू गेलं, त्याच्याकडेही कोणी गेलं नाही. फोन किती वेळ चालला याची नोंद वहीत नाही.

बुधवारच्या गाडीने हरिणी आली. स्टेशनवर तिने वडिलांच्या हातातली पिशवी काढून घेतली आणि वडिलांनी ती परत घेतली, असं ऑटोपर्यंत तीनदा झालं. ती सहा आठवडे राहिली. रोज सकाळी नाश्त्यानंतर गोळी तीच हातावर ठेवायची आणि गिळेपर्यंत उभी राहायची. दुपारी व्हरांड्यात बसून अर्ज लिहायची. वरुणराव समोर बसून पेपर वाचायचे, तो बहुतेक वेळा उलटा नसायचा. घरात गाणं असं काही वाजलं नाही. फक्त एकदा अंबा तांदूळ निवडताना भजनातलं काहीतरी गुणगुणली आणि दोघांनीही मान वर करून ऐकलं. तिच्या ते लक्षात आलं तशी ती लाजून थांबली. वैशाखात हरिणीला तिरुचीला नवी नोकरी लागली, आधीपेक्षा लहान. तिरुची तासाभरावर आहे. ती शनिवारी येते.

शनिवारी येते म्हणून वरुणरावांना मंडळ सोडावं लागलं. शेवटच्या सभेत त्यांनी उभं राहून सगळं खरं सांगितलं. टेल्मी सार्टन हा बँड नाही, ती रक्तदाबाची गोळी आहे, चूक माझी आहे, नोंद दुरुस्त करावी.

सेतुमाधवांनी चष्मा पुसला. "अगदी बरोबर," ते म्हणाले. "गोळीच आहे ती. इतकें नेमकें आजवर कोणी बोललें नव्हतें." महालक्ष्मीबाईंनी हे वाक्य फळ्यावर लिहून घेतलं. व्यंकटरमणांनी माहिती दिली की फॉर्टीनंतर आता एटी आलं आहे. वरुणरावांनी गेल्या सहा आठवड्यांत एकही नवं गाणं ऐकलेलं नाही, हे मग चौकशीत उघड झालं आणि मंडळाने त्यांचा राजीनामा सहानुभूतीपूर्वक स्वीकारला. निरोपाच्या भाषणात त्यांचा उल्लेख आदराने झाला, भूतकाळात.

मंडळाचं काम जोरात चालू आहे आणि सध्या सभासद एकतीस आहेत.

ही हकीकत वाचून ज्या वाचकांना लांब राहणाऱ्या आपल्या एखाद्या माणसाची आठवण झाली असेल आणि आज फोन करावा असं वाटलं असेल, त्यांनी घाबरून जाऊ नये. ही कथा त्या माणसाला नुसती पाठवून द्यावी. थोड्या वेळाने "खूप छान" असं उत्तर येईल. त्यावर आपण हात जोडल्याचं चित्र टाकावं. एवढ्यावर विषय मिटतो. दोघांपैकी कोणालाही ती वाचावी लागत नाही.